पाटी आमच्या दारावर

फॉयरबाख, श्टुटगार्ट
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,


पार्सल पोचलं. फोनवर सांगितलं होतंच, पण बाबांना लेखी पोच लागते, म्हणून ही पोच. भडंग अर्धं संपलं, मेतकूट डब्यात गेलं, भाजणी सांडली नाही. बाबा, तुम्ही लावलेली चिकटपट्टी काढायला अमेयला हत्यारांच्या पेटीतली करवत आणावी लागली. पुढच्या वेळी खोक्यात काय आहे यापेक्षा खोक्यात शिरायचं कुठून, याची चिठ्ठी वर लावा. कस्टमच्या कागदावर ‘घरगुती खाऊ, भेट’ लिहिलंत ते बरं केलंत. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत जकातीशिवाय सुटते. तूप पाठवलं नाहीत ते त्याहून बरं. दुधाचं काहीही तिकडून टपालाने आलेलं इथे चालत नाही, आणि आईचं तूप कुणी कचऱ्यात ओतलेलं मला सोसलं नसतं.

आता आईच्या मंगळवारच्या फोनबद्दल. आई, तू विचारलंस, तुम्ही दोघं ऑफिसात असताना पार्सल घेतलं कुणी? मी म्हटलं, खालच्या आजींनी. झालं. “कोण आजी? बोलणं-चालणं आहे का तुमचं? रात्री-अपरात्री काही झालं तर दार कोण उघडणार?” तेवढ्यात बाबांचं बोट लागून फोन बंद झाला. तेव्हापासून तू सुमनमावशीला, मावशीने माझ्या सासूबाईंना, आणि त्यांनी अमेयला, असा प्रश्न फिरत फिरत पुन्हा माझ्याकडे आला आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

रविवारी लिहायला बसले कारण रविवारी दुसरं काही करताच येत नाही. भिंतीला भोक पाडायचं नाही. गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळ्ळकन फुटतात आणि लोकांची शांतता मोडते. दुकानं बंद. आमच्या घराच्या नियमावलीप्रमाणे वॉशिंग मशीनही बंद. बंडूकाकांना एवढं वाचून दाखवा. रविवारी सकाळी सहाला मोटर लावून अंगण, स्कूटर आणि वाटेत आलेला पेपरवाला धुणाऱ्या माणसाला इथे पहिल्याच आठवड्यात नोटीस आली असती.

तर आमचं घर. तळमजल्यावर या आजी: ऐंशी कधीच ओलांडलेली, पाठ ताठ, केस दर शुक्रवारी बसवून घेतलेले. आम्ही घरात त्यांना इन्स्पेक्टर आजी म्हणतो. पहिल्या मजल्यावर तुर्की कुटुंब. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, त्या लाटेत त्यांचे आजोबा मोटारीच्या कारखान्यात आले. दोन वर्षं पैसे साठवून परत जायचं, असं ठरलं होतं म्हणे. आता त्यांचा नातू श्टुटगार्टच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडून ओरडतो. ‘दोन वर्षं’ ऐकताना अमेयने आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. माळ्यावर विद्यार्थी; मुलं बदलतात, जिन्याखालच्या सायकली मात्र त्याच राहतात.

या चार बिऱ्हाडांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पत्र्याची तळहाताएवढी एक पाटी. या प्रकाराला केअरवोखे म्हणतात. पाटी ज्याच्या दाराच्या मुठीला लटकली, तो आठवडा त्याचा. छोटी पाळी असेल तर आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून पुसायचा. मोठी असेल तर तळघराच्या पायऱ्या, फाटकापर्यंतची वाट, घरासमोरचा फुटपाथ, शिवाय कचऱ्याचे डबे ठरल्या दिवशी रस्त्यावर न्यायचे आणि रिकामे झाले की आत आणायचे. थंडीत बर्फ पडला तर लोक कामाला निघायच्या आत फावड्याने वाट मोकळी करायची. बर्फावरून कुणी घसरला तर त्याचं हाड आणि आपला खिसा, दोन्ही मोडतात.

हे खूळ कालचं नाही. १४९२ साली, म्हणजे कोलंबस आपल्याला शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला त्या वर्षी, श्टुटगार्टच्या नियमांत लिहिलं गेलं की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. १९८८ साली, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, पालिकेने ही सक्ती काढून टाकली. (हो बाबा, वाळवंटातल्या त्या सेनापती रोमेलचाच मुलगा. तुमचं जाडं पुस्तक मला आठवतं. त्याच्यावर माझा अभ्यासाचा दिवा असायचा.) मग लोकांनी काय केलं? ती सक्ती भाड्याच्या करारात घालून घेतली.

सुरुवातीला मी जिना रात्री, आमची लेक ईरा झोपल्यावर पुसायची. दुसऱ्या दिवशी आजी वर आल्या.

“जिना झाला?”

“झाला की. काल रात्री.”

“मला दिसलं नाही.”

कठड्याच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथून त्यांनी बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं, तरी चेहरा तोच. मग तुर्की वहिनींनी मला जिन्यात गाठून सांगितलं की जिना नुसता पुसायचा नसतो, पुसताना दिसायचं असतं. शनिवारी सकाळी दहाला, बादलीचा आवाज करत. तसं केल्यावर एकेक दार उघडायला लागलं. वहिनी ट्युलिपच्या आकाराच्या छोट्या पेल्यातून चहा घेऊन आल्या. माळ्यावरचा पोरगा ओल्या पायरीवर पाय पडू नये म्हणून कठड्याला धरून लोंबकळत उतरला आणि जाता जाता सांगून गेला की त्याचं इंटर्नशिपचं झालं. आजींनी खालून हाक मारून विचारलं, आमच्याकडे पायऱ्या कशाने धुतात? वाड्यात नळाला पाणी यायच्या वेळी जशी सगळी बिऱ्हाडं अंगणात यायची, तसं आमच्याकडे शनिवारी दहाला बादलीभोवती होतं. आम्ही भारतातले हे कळल्यावर आजी म्हणाल्या, “म्हणजे बॉम्बेचे. बॉम्बे आमचं भगिनीशहर आहे, १९६८पासून.” सांगली आणि बॉम्बे यांतला फरक मी समजावत बसले नाही. नात्याने आलेलं कोण सोडतं?

यावरून आठवलं. तू लिहिलंस की जिना झाडणाऱ्या बाईंनी पगार वाढवून मागितल्यापासून वाड्याचा जिना तसाच पडला आहे, आणि शकूवहिनी नि इनामदार आपापल्या पायरीपर्यंतच झाडतात. मधल्या पायरीवर मे महिन्यापासून आंब्याची एक कोय आहे. पाटी पाठवू का? इथे मिळते. पण शकूवहिनी ती इनामदारांच्या दारावरून हलवणारच नाहीत, हेही मला माहीत आहे. (हे पत्र ओट्यावर मोठ्याने वाचलं जातं, त्यामुळे वहिनी, तुम्हाला नमस्कार. बाबा, पुढचा परिच्छेद वहिनी घरी गेल्यावर वाचा.)

वहिनींनी दाराबाहेर कॅमेरा लावला आणि त्यात पहिल्याच दिवशी त्यांचाच पिंटू रात्री दीडला भिंतीवरून येताना सापडला, हे ऐकून अमेय खुर्चीवरून पडायचा राहिला. पिंटूचा साखरपुडा कधी आहे ते कळवा. मुलगी मिरजेची आहे म्हणजे भिंत आता तिकडची.

थांबा, आमटीकडे बघून येते.

हां. तर आमची सगळ्यांशी खरी ओळख जिना पुसायच्याही आधीची आहे, आणि तिचं श्रेय सुमनमावशीच्या सांडगी मिरचीला. या राज्यात प्रत्येक घरात धूर ओळखणारी भोंग्याची डबी लावावीच लागते. इथे येऊन थोडेच दिवस झाले होते, पिठलं-भात केला होता, वर दोन मिरच्या तळल्या. मिरच्या फुलल्या, आणि छतावरची ती डबी अशी किंचाळली की वाटलं सांगलीला ऐकू जाईल. दोन मिनिटांत आख्खा जिना आमच्या दारात. आजी ओला टॉवेल घेऊन, तुर्की आजोबा बनियनवर, माळ्यावरचा एक जण हातात गिटार घेऊन. एवढंच वाचवावंसं वाटलं असेल. सगळे खोकत होते. तुर्की आजोबांनी तव्यात डोकावून पाहिलं, एक मिरची उचलली, खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी उचलली. त्या दिवसापासून ते मला जिन्यात सलाम करतात.

कुकरचं प्रकरण वेगळं. या शांत घरात कुकरची शिट्टी म्हणजे काय, याची कल्पना करा. पहिल्या आठवड्यात आजींनी वर येऊन विचारलं, हा आवाज कसला आणि तो किती वेळा होणार? अमेयने गंभीरपणे सांगितलं: भाताला तीन, राजम्याला सहा-सात. त्यांनी ते मनात टिपून ठेवलं असणार. मध्यंतरी आम्ही चार दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर आजी दारातच उभ्या. “शिट्ट्या नाहीत, म्हणून मी वर येऊन घंटा वाजवली. दोनदा.” रागावल्या होत्या. आपल्याकडे न सांगता गावाला गेलं की जोशीकाकू जशा रागावायच्या ना, अगदी तशाच.

आता खर्चाचा विषय, कारण बाबा त्याचीच वाट बघत असणार. आमच्या घरी टीव्ही नाही. कधीच नव्हता. तरी दर घराला सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही आहे की नाही, बघता की नाही, भाषा कळते की नाही, याचा काही संबंध नाही; २०१३पासून घर आहे म्हणजे वर्गणी आहे. तीन महिन्यांचे एकदम ५५.०८ जातात. बाबा, गुणिले शंभर करू नका. केलंत ना? वर्षाचे बावीस हजार रुपये, ज्या खोक्यावर आम्ही कधी नजरही टाकली नाही त्यासाठी. अमेयने मोठं पत्र लिहिलं: आमच्याकडे टीव्ही नाही, लावायला जागाही नाही, तुम्ही येऊन बघा. उलट टपाली खूप नम्र उत्तर आलं आणि सोबत पुढचं बिल आलं. गणपतीच्या वर्गणीला मंडळाची पोरं दारात आली की बाबा पाच मिनिटं घासाघीस करायचे आणि पोरांना लाडू देऊन वाटेला लावायचे. इथे घासाघीस करायला दारात कुणी येतच नाही. लाडू देणार कुणाला?

ही व्यथा मी जिना पुसताना आजींना सांगितली. त्या म्हणाल्या, “पैसे भरताय तर बघा तरी.” आणि रविवारी रात्री सव्वाआठला आम्हाला खाली बोलावलं. ‘टाटऑर्ट’ नावाची खुनांची मालिका आहे, १९७०पासून चालू, आणि लाखो लोक ती बघायला बसतात. त्या वेळी फोन करणं म्हणजे असभ्यपणाची कमाल. तर आता बरेचदा रविवारी आम्ही आजींच्या कोचावर. चहा नाही, पाण्याची बाटली आणि खारी बिस्किटं. खुनी कोण ते आजी विसाव्या मिनिटाला सांगतात आणि बरोबर निघतं. ईरा त्यांच्याशी अशी ठसकेबाज श्वाबी, म्हणजे इथली बोली, बोलते की आम्हाला दुभाष्या लागतो. त्या खोलीत बसलं की मला जोशीकाकूंच्या खोलीतलं ‘रामायण’ आठवतं. मला नीट आठवत नसणार, १९८७ साली मी केवढीशी. पण सतरंजी आठवते, टीव्हीला घातलेला हार आठवतो, आणि बाबा उशिरा आले म्हणून खिडकीबाहेर उभे राहून हनुमान बघत होते ते तर आठवतंच. आई म्हणते हे मी ऐकून सांगते. असेल.

(ईराला भडंग दिलं. तिने आजींसाठी वाटी भरून खाली नेली. परत येईपर्यंत लिहिते.)

वाट्यांचंही सांगायचं आहे. मागच्या वर्षी मोहरममध्ये तुर्की वहिनींनी आशुरे आणून दिलं. गहू, चणे, पांढरे घेवडे, जर्दाळू, बेदाणे असं सगळं एकत्र शिजवलेली गोड खीर, वर डाळिंबाचे दाणे. नोहाच्या नावेत शेवटी जे जे उरलं त्याची केलेली, अशी त्यांची गोष्ट. ती मोठ्या पातेल्यात करायची आणि शेजारीपाजारी वाटायची. वाटी मी घासून परत द्यायला निघाले आणि दारातच थांबले. हातात रिकामी वाटी घेऊन कुठे चाललीस, हा आईचा आवाज थेट कानात. शिऱ्याने भरून दिली. वहिनी हसल्या, म्हणाल्या, आमच्याकडेही रिकामं भांडं परत करत नाहीत. तेव्हापासून ती वाटी कुणाची आहे हेच कुणाला सांगता येत नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेली, ईदला बकलावा घेऊन आली. सांगलीचे बेदाणे त्यांनी आशुरेसाठी मागून घेतले आहेत. बाबा, पुढच्या वेळी अर्धा किलो जास्त.

साधारणपणे मेच्या शेवटच्या शुक्रवारी इथे शेजाऱ्यांचा दिवस करतात. मूळ पॅरिसचं. तिथल्या सतराव्या विभागात एक म्हातारी बाई घरात एकटीच गेली आणि कित्येक महिने कुणाला कळलं नाही. त्याचा धसका घेऊन आतानाझ पेरिफाँ नावाच्या नगरसेवकाने १९९९ साली सगळ्यांना आपापल्या इमारतीत एका संध्याकाळी एकत्र जेवायला बसवलं. ते पसरत पसरत इकडे आलं. यंदा आपण करू, असं अमेय सहज बोलून गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात आजींच्या अक्षरात कागद: कोण काय आणणार, बाक कोण आणणार, किती वाजता सुरू, रात्री दहाला आवाज बंद, प्रत्येकाने आपली ताटली-चमचा आपण आणावा, खाली सह्या. मी म्हटलं, हे जेवण आहे की खरेदीखत?

पण झालं छान. आजींचं बटाट्याचं सॅलड, ज्यात मेयोनेज घालणाऱ्याला श्वाबी माणूस उभा करत नाही. तुर्कांची भरलेली द्राक्षाची पानं. मुलांनी दुकानातल्या ब्रेत्झेल आणल्या आणि स्वतःच संपवल्या. आमचं भडंग कागदाच्या पुड्यांतून. शेजारच्या इमारतीतले, ज्यांच्याशी कचऱ्याच्या डब्यांच्या जागेवरून जुनं भांडण आहे, तेही कुंपणाशी उभे राहून हुंगत होते. आजींनी त्यांना हाताने आत बोलावलं आणि पहिल्या घासाच्या आत डब्यांचा विषय काढला. दहाला पाच कमी असताना बाक मिटले. ज्याने त्याने आपलं उरलेलं आपल्या डब्यात भरून नेलं. “अहो, थोडं घेऊन जा ना” म्हणणारी मी एकटीच.

आता आई, तुझा प्रश्न. दार कोण उघडणार? इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, बाहेरून मूठ फिरत नाही. किल्ली आत राहिली आणि शनिवारी रात्री किल्लीवाला बोलावला की माणूस टीव्हीची वर्गणी आनंदाने भरायला लागतो. म्हणून आमची एक किल्ली आजींकडे असते, चिनी मातीच्या बदकात. त्यांची आमच्याकडे, तू दिलेल्या कुंकवाच्या करंड्यात. त्या आमच्या शिट्ट्या मोजतात, आम्ही त्यांची खिडकी बघतो. रोज आठला त्यांची खिडकीवरची झडप वर जाते. नाही गेली तर ऑफिसला निघताना अमेय घंटा वाजवतो. एकदा वाजवली, त्या सर्दीने झोपल्या होत्या, आणि उठवलं म्हणून चिडल्या. तरी त्या दिवशी तुर्की वहिनींनी सूप दिलं आणि आमच्याकडून मेतकूट-भात गेला. मेतकूट त्यांनी आधी चमच्याच्या टोकावर घेऊन तपासलं.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. काळजी मला तुमची आहे. बिल्डरच्या करारावर सह्या झाल्या, दिवाळीनंतर वाडा पाडणार, हे बाबांनी मला त्याआधीच्या एका फोनच्या शेवटी, ‘बाकी ठीक’ म्हणायच्या आधी घाईघाईने सांगितलं. सात मजले, लिफ्ट, फाटकावर रखवालदार, प्रत्येकाला बंद दार. मला लिफ्ट हवीच आहे, आईचे गुडघे मला दिसतात. पण २०१९च्या पुरात मी इथून रात्रभर फोन लावत होते, लागत नव्हता, बातम्यांत गावभागात पाणीच पाणी. आणि तुम्ही सगळे इनामदारांच्या वरच्या खोलीत बंडूकाकांच्या स्टोव्हवर खिचडी करून मेंढीकोट खेळत होतात. शकूवहिनी आणि इनामदार एका चटईवर! दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा आईने पहिलं वाक्य काय टाकलं, तर “बाबा पत्त्यांत चोरी करतात.” मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून रडले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

म्हणून बाबा, करारात आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. खाली पार्किंगच्या बाजूला एक ओटा, पाठ टेकता येईल असा, सावलीत. बिल्डर म्हणेल एक गाडी कमी बसते, बसू दे. दुसरं, आपला आणि जोशीकाकूंचा फ्लॅट एकाच मजल्यावर. त्या एकट्या आहेत आणि कमी ऐकू येतं, घंटा त्यांना ऐकू जाणार नाही. त्यांची एक किल्ली तुमच्याकडे ठेवा, आताच, दिवाळीची वाट बघू नका. भाड्याच्या जागेत जाणार त्या काळात त्या कुठे राहणार आहेत? मुलाकडे पुण्याला म्हणालात, पण त्या जाणार नाहीत. सविस्तर कळवा.

बंडूकाकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं? मावशीची मुलगी पास झाली का? आंब्याचं लोणचं पाठवू नका, डबा गळतो. पाठवलंच तर दोन पिशव्यांत घाला.

अमेयचा नमस्कार, ईराचा पापा.

तुमची,
गौरी

ता. क. ईरा रिकामी वाटी आणि कागद घेऊन वर आली. आजींना भडंगाची कृती हवी आहे, लेखी. ‘मूठभर लसूण, अंदाजाने तेल, तिखट सोसेल तेवढं’ असं सांगितलं तर त्यांनी कागदावर ‘ग्रॅम?’ असं लिहून परत पाठवलं. आई, एकदा तुझी मूठ काट्यावर ठेवून वजन कळव. आणि सोसेल तेवढं म्हणजे कुणाला, तेही.